घावणे, खापरोळी आणि उपाशी

मालनताईवर माझा राग आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की सुनेत्राने गोड गोड लिहिलं. बाई हयात आहे, लालबागला भावाकडे असते, दोन घास नीट जेवते, आणि तरी मी तिच्यावर चिडलेली आहे. आता चिडून काही उपयोग नाही हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जातो थोडाच?

परळच्या एका संशोधन संस्थेत आम्ही दोघींनी नोकरी केली. मी गिरगावातली, संगणक विभागात. संस्थेतल्या मायक्रोस्कोपमधून रोज ढिगाने चित्रं निघतात. ती नीट साठवायची, कुठलं चित्र कशाचं ते त्याच्याबरोबर लिहून ठेवायचं आणि बाहेरच्या संशोधकांनाही बघता येतील अशी खुली करायची, हे माझं काम. मालनताई मायक्रोस्कोपवर. बुटकी, चष्मा कायम कपाळावर, आणि चाल अशी की जिन्यात समोरून आली तर आपणच बाजूला व्हायचं. पीएचडीची पोरं तिला टरकून असायची. कुणी लेन्सला बोट लावलं की ती ओरडायची, "अरे बाळा, लेन्स आहे ती, आरसा नाय!" आणि दुपारी त्याच पोराच्या ताटात स्वतःच्या डब्यातला तळलेला बांगडा टाकायची.

तिचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणायचे, गिरणीत कार्ड खात्यात होते. कार्ड खातं म्हणजे जिथे कापूस पिंजला जातो. तिथली हवा पांढरी असायची म्हणे. अशा हवेत आयुष्य काढलेल्या माणसांची छाती भरते. सुरुवातीला फक्त सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या दिवशी धाप लागते, मग रोजच लागायला लागते, आणि गिरणी बंद पडली तरी धाप काही बंद पडत नाही. गिरणगावात हे घरोघरी होतं. म्हातारा खोकतोय, त्याचं काय एवढं, असं म्हणून सगळे पुढे जायचे.

आमच्या संस्थेत एका डॉक्टरांनी ह्याच फुप्फुसांचा अभ्यास सुरू केला. म्हाताऱ्या कामगारांकडून ते हयात असतानाच परवानगी घ्यायची की, तुम्ही गेल्यावर तुमच्या फुप्फुसाचा नखाएवढा तुकडा आम्ही तपासू. आता सांगा, असं कुणाच्या दारात जाऊन कसं विचारायचं? आमचे डॉक्टर गेले असते तर उंबऱ्यावरूनच त्यांना हात जोडले असते लोकांनी. मालनताई गेली. लालबाग, परळ, वरळीच्या बीडीडी चाळी, सगळीकडे गेली. तिची पद्धत ठरलेली. आधी बसायचं, गाव विचारायचं, घरातलं जे काय पुढे येईल ते खायचं, आणि मग विषय काढायचा. "खाल्ल्याशिवाय असलं विचारता येत नाय गो," म्हणायची. कितीतरी म्हाताऱ्यांनी तिला हो म्हटलं. एकाने तर म्हटलं, "घे बाय, फुप्फुस तसंही माझ्या काय कामाचं राहिलं नाय."

पुढे ते डॉक्टर संस्था सोडून गेले, त्या कामाचं कुणाला सोयरसुतक राहिलं नाही, पण मालनताई करत राहिली. एकेक म्हातारा गेला, एकेक तुकडा आला, आणि तिने त्याची चित्रं काढली. काय चित्रं होती! मी आयुष्यभर दुसऱ्यांची चित्रं साठवली, तेव्हा मला कळतं. गुलाबी-जांभळ्या नाजूक जाळीत काळे ठिपके, कुठे जाळी फाटलेली, कुठे भिंत जाड झालेली. गिरण्या गेल्या, ती माणसंही गेली. ती चित्रं परत कुणालाही काढता येणार नाहीत.

आता ह्यातली गंमत ऐका. चित्रावर माणसाचं नाव घालायचं नाही, असा नियम. बरोबरच आहे तो. बाकीचे लोक नावाऐवजी आकडा देतात. मालनताई म्हणाली, "आकडे माझ्या डोक्यात राहत नाहीत. खाल्लेलं राहतं." आणि तिने प्रत्येक माणसाच्या चित्रांना त्याच्या घरी काय खाल्लं त्याचं नाव दिलं! घावणे. खापरोळी. काळा चहा. सुकटीची चटणी. बटर-खारी. एकाचं नाव तर 'उसळ, तिखट लागली'. मी पहिल्यांदा ती यादी पडद्यावर उघडली तेव्हा मला वाटलं, कँटीनची पाटी चुकून इकडे आली. आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो होतो. यादीत शेवटी एक नाव होतं, 'उपाशी'. मी चिडवलं, "हा कोण गं कंजूष? चहासुद्धा विचारला नाही तुला?" ती हसायची थांबली. डबा बंद केला आणि हात धुवायला गेली. मला वाटलं, कुठल्या तरी घरात अपमान झाला असेल.

नावं छान होती. पण चित्राला नुसतं नाव पुरत नाही. तो माणूस किती वर्षांचा, कुठल्या खात्यात, किती वर्षं काम केलं, विडी ओढायचा का, हे चित्राबरोबर नसेल तर दुसऱ्या संशोधकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वयंपाकघरात चिठ्ठी नसलेला डबा असतो ना, पांढरी पूड दिसते पण रवा की रांगोळी ते कळत नाही, तसं. मग काळे ठिपके कापसाच्या धुळीचे की विड्यांचे की मुंबईच्या हवेचे, हे कोण सांगणार? आणि ही सगळी माहिती होती मालनताईच्या डोक्यात. माणसांची खरी नावं असलेले कागद काम संपल्यावर फाडायचे, असाही नियम होता. आमच्याकडे बाकी सगळे नियम लोक सवडीने पाळतात. हिने तो दुसऱ्या दिवशी पाळला.

"अगं, पण वय, खातं, वर्षं हे तरी नाव न घालता लिहून दे मला," मी म्हटलं.

"देईन. पेपर लिहीन ना, तेव्हा सगळं एकदम देईन."

पेपर! ह्या पेपरपायीच सगळं गेलं. पण तिची बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तिच्यावर अन्याय करीन. फार पूर्वी एक पाहुणे डॉक्टर आले होते. गोड बोलून तिच्याकडून चित्रं घेऊन गेले, "मालनताई, तुमच्यासारखा हात नाही हो कुणाचा." वर्षभराने तीच चित्रं एका मोठ्या मासिकात छापून आली. लेखकांत हिचं नाव नाही, आभारांतही नाही. ते मासिक तिने मला दाखवलं तेव्हा ती रडली नाही. फक्त म्हणाली, "मी त्या लोकांच्या घरी जेवले गं, ह्याने काय केलं?" त्या दिवसापासून तिने ठरवलं. ह्या माणसांवरचा पेपर मी लिहिणार, पहिलं नाव माझं, आणि तोवर कुणाला काही मिळणार नाही.

आता बी.एस्सी. झालेल्या तंत्रज्ञ बाईने पेपर लिहायचा म्हटल्यावर साहेब लोक काय करतात? हसत नाहीत, तेवढी सभ्यता असते त्यांच्यात. "वा वा, लिहा की," म्हणतात आणि वाचत नाहीत. ती लिहायची, कुणाला तरी दाखवायची, तो महिनोन्‌महिने टेबलावर ठेवायचा, आणि मग इंग्रजी सुधारा म्हणून परत द्यायचा. अशी वर्षं गेली. त्या साहेबांवरही माझा राग आहे. माझ्याकडे राग भरपूर आहे, सगळ्यांना पुरेल.

मध्ये इचलकरंजीहून डॉक्टर प्रितीचा फोन आला. तिथे यंत्रमागावरचे, सूतगिरणीतले कामगार तिच्याकडे येतात. तीच छाती, तीच धाप. पण मालक म्हणतात, धुळीने काही होत नाही, हे लोक विड्या ओढतात. तिला जुन्या गिरणी कामगारांची फुप्फुसं हवी होती, तिच्या रुग्णांशी ताडून बघायला, म्हणजे ठामपणे सांगता आलं असतं की बाबांनो, हे धुळीनेच होतंय. पोरगी परळपर्यंत आली. मालनताईने तिला जेवू घातलं, मायक्रोस्कोपवर बसवून सगळं दाखवलं, आणि द्यायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "पेपर होऊ दे बाळा, मग तुलाच पहिली देते."

प्रिती गेल्यावर मी कँटीनमध्ये तिच्याशी भांडले. अगदी आवाज चढवून. "तुझ्या नावानेच ठेवते ना मी! चित्रं मालन हिने काढली असं प्रत्येकावर लिहिलेलं राहील. कोण चोरेल? उलट उघड्यावर असलेली वस्तू चोरता येत नाही, सगळ्यांना दिसतं कुणाची ते."

"तुला नाय कळायचं. तुझं कधी गेलंय काय चोरीला?"

माझं काही गेलं नव्हतं. "तू मेल्यावर सगळं बरोबर घेऊन जाणार आहेस का?" असं मात्र मी रागात म्हटलं. ती म्हणाली, "मरायला टाइम आहे मला." आणि त्यात ती खोटं बोलली नाही.

ती निवृत्त झाली. पेपर पूर्ण करून आणून देते म्हणाली. मग एकदा फोनवर तिने मला तीच गोष्ट लागोपाठ परत सांगितली. मी हसण्यावारी नेलं. मग भाऊ आनंदा म्हणाला की ती भाजी आणायला गेली आणि जुन्या चाळीचा पत्ता शोधत बसली. चाळ पाडून तिथेच टॉवर झालाय, ती राहते त्याच टॉवरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं, विस्मरणाचा आजार आहे आणि तो वाढतच जाणार.

मी धावत गेले. खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा मला ती नाही, चित्रं आठवली.

त्यानंतर दर रविवारी मी लॅपटॉप घेऊन लालबागला जायला लागले. आनंदाची मुलगी श्रेया तिचं सगळं बघते. मालनताई मला बघून खूश व्हायची. "इलंस? बस गो." संस्थेतलं तिचं शुद्ध मराठी हळूहळू गळून गेलं होतं, आतलं मालवणी तेवढं उरलं होतं. मी चित्र दाखवायचे. आणि काय सांगू, चित्र तिला अजून कळायचं! चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावायची, "ही बघ धूळ. ही भिंत जाड झाली. ह्याका जिना चढूक जमत नसतला." सगळं बरोबर. मग मी विचारायचे, "ताई, हा कोण? घावणे. घावणे कुणाकडे खाल्लेस?"

"घावणे? तांदूळ भिजत घालूक होये रात्री. भूक लागली तुका?"

मी पण हट्टाला पेटले. म्हटलं, बोलून आठवत नसेल तर चवीने आठवेल. पुढच्या रविवारी घावणे करून नेले. मग सुकटीची चटणी. आमच्या शाकाहारी स्वयंपाकघरात माझ्या हाताने सुकट! सासूबाई असत्या तर घराबाहेर काढलं असतं मला. मालनताईने सगळं चाटून पुसून खाल्लं, "मीठ कमी" म्हणाली, आणि कुणाचंही नाव सांगितलं नाही. खापरोळीला मात्र एकदा जमतं की काय असं झालं. नारळाच्या गोड रसातली खापरोळी तिने तोंडात घातली, डोळे मिटले आणि म्हणाली, "ह्यो कणकवलीचो. धाकट्या सुनेन केलेली. तिका दिवस गेले होते..." मी लगेच पुढे सरकले. "नाव काय त्याचं? कुठल्या खात्यात होता?" तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोण?"

बस, तेवढंच. कणकवलीचा, आणि सून गरोदर. ह्याने रकाना भरत नाही. श्रेया म्हणाली, "मावशी, अंदाजाने भरून टाका ना. वय सत्तर, खातं कार्ड. सगळे तसेच होते." मोह मलाही झाला होता, नाही कशाला म्हणू? पण अंदाजाने भरलेली माहिती ही सरळ सरळ खोटी माहिती. तिच्यावर भरवसा ठेवून इचलकरंजीची पोरगी मालकांशी भांडायला जाईल आणि तोंडावर पडेल. मी सगळे रकाने रिकामे ठेवले.

मग तो रविवार आला. मी भाजणीचं थालीपीठ नेलं होतं, कुठल्याही चित्रासाठी नाही, आपलं सहज. ती खात होती आणि मी एकेक नाव उघडत होते. शेवटचं उघडलं, 'उपाशी'. फुप्फुस भयंकर होतं. जाळी जवळजवळ उरलीच नव्हती, सगळी भोकं. मालनताईने पडद्याकडे पाहिलं आणि ताट बाजूला सारलं.

"जेव की गं," श्रेया म्हणाली.

"नको. आज चूल पेटवची नाय."

"का, आत्या?"

"अप्पा गेले ना."

मयताच्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारी काही आणून देतात, ते घशाखाली उतरत नाही. मी त्या नावावरून तिच्या वडिलांना कंजूष म्हणून हसले होते. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग आनंदाने सगळं सांगितलं. सबंध गिरणगावातल्या म्हाताऱ्यांना हिने विचारलं, पण स्वतःच्या बापाला विचारायची हिंमत तिला कधी झाली नाही. विचारणार तरी कसं? म्हणजे बाबा, तू आता जाणार, असंच सांगायचं. ते गेले तेव्हा मयत हॉस्पिटलातच होतं, आणि भावाच्या पाया पडून तिने तो तुकडा मागितला. "मी केवढा भडकलो होतो," आनंदा म्हणाला. "म्हटलं, बापाला तरी सोड. ती म्हणाली, दुसऱ्यांच्या बापाचं घेतलं, आता आपल्याचं नको कसं म्हणू? मी दोन वर्षं बोललो नाही तिच्याशी." तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "द्या ते. वारस म्हणून जिथे सही पाहिजे तिथे करतो. निदान कुणाच्या तरी कामी येऊ दे."

अप्पांची सगळी माहिती घरातच होती. वय, खातं, लागल्यापासून गिरणी बंद पडेपर्यंतची वर्षं. विडी ओढायचे नाहीत, तंबाखूसुद्धा नाही. मी एकेक रकाना भरला. चित्रं काढणारी म्हणून मालनताईचं पूर्ण नाव घातलं, पहिलं आणि एकटं, तिला हवं होतं तसं. नमुन्याचं नाव मी बदललं नाही. 'उपाशी'च ठेवलं. आणि अप्पा खुल्या संग्रहात गेले, जगात कुणालाही बघता येतील असे.

प्रितीला मी लगेच कळवलं. तिचा फोन आला. "मावशी, असं चित्र मी पाहिलं नाही हो. विडी न ओढलेला माणूस, आणि हे फुप्फुस! हेच मला दाखवायचं होतं." मग म्हणाली, "पण एकावरून काही म्हणता येत नाही. ते लोक म्हणतील, ह्याचं फुप्फुस मुळातच कमजोर असेल. बाकीचे कधी देताय?"

मी तिला सांगितलं, बाकीचे आहेत, सगळे आहेत, एकूण एक चित्र माझ्याकडे जपून ठेवलेलं आहे, पण कुणाचं वय, खातं, विडी काहीच माहीत नाही, म्हणून मी एकही देऊ शकत नाही. प्रितीला जेवू घातलं होतं त्याच दिवशी चित्रं दिली असती, तर मालनताईला प्रत्येकाच्या नातवंडांचीसुद्धा नावं सांगता आली असती. मला हेच सहन होत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी मालनताईजवळ बसले आणि लॅपटॉप उघडून तिला दाखवलं. "हे बघ ताई, अप्पांना पाठवलं. तुझं नाव बघ, इथे, पहिलं." तिने चष्मा कपाळावर सरकवला, स्वतःच्या नावावरून बोट फिरवलं आणि हसली. मग तिने पडद्यावरच्या यादीत अप्पांच्या वर बघितलं, खाली बघितलं. दोन्हीकडे काही नव्हतं. तिचा चेहरा उतरला.

"अप्पांक एकट्यांकच धाडलंस?" ती मला म्हणाली. "बाकीचे खंय गेले?"

मी लॅपटॉप बंद करायला हात पुढे केला. तिने माझ्या हाताला धरून परत विचारलं.